मुलांच्या नोकरीचा फोन मुलांनाच करू द्या : अंतिम वर्षाच्या पालकांना खुले पत्र

प्रति,
अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींचे आईवडील

विषय : मुलांच्या नोकरीशोधातला आपला सहभाग

सप्रेम नमस्कार.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं, म्हणजे मुलांना नोकरीसाठी तयार करायचं आणि कंपन्यांशी गाठ घालून द्यायचं काम पाहते. आपल्यापैकी कितीतरी जणांशी माझं फोनवर बोलणं झालेलं आहे. कुणी उसाच्या फडातून फोन करतं, कुणी एसटी डेपोतून, कुणी शाळेच्या मधल्या सुट्टीत. "मॅडम, आमच्या पोराचं काय झालं?" हा प्रश्न मला ओळखीचा आहे आणि त्यामागची काळजीही. म्हणूनच प्लेसमेंटचा हंगाम सुरू व्हायच्या आधी हे लिहिते आहे. एकदा कंपन्या यायला लागल्या की सावकाश बोलायला ना आपल्याला सवड मिळते, ना मला.

सांगायचं ते आधीच सांगते. नोकरी शोधायचं काम मुलांचं मुलांना करू द्या. अर्ज त्यांनी भरावा, फोन त्यांनी करावा, मुलाखतीला एकट्यानं जावं आणि होकार किंवा नकारही त्यांनी स्वतःच्या तोंडानं कळवावा. आपण पाठीशी राहा. पाठीशी राहण्यात पुष्कळ काम आहे, ते काय तेही पुढे लिहिलंय. पण मुलाच्या पुढे होऊन बोलणं आता थांबवा, ही कळकळीची विनंती.

ही घाई कुठून येते ते मी पाहते. आमच्याकडच्या बऱ्याच घरांतला हा पहिलाच इंजिनिअर. शैक्षणिक कर्ज काढलेलं असतं आणि बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं हप्ते सुरू होतात, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरलाच घरात हप्त्याची बोलणी चालू होतात. कुणी दोन-चार गुंठे विकलेत, कुणाच्या पाटल्या सोसायटीत गहाण आहेत. धाकटीचं शिक्षण थोरल्याच्या पगारावर ठरलेलं असतं. अशा घरातल्या बापाला "तुम्ही यात पडू नका" असं सांगायला जीभ रेटत नाही. तसं मी म्हणतही नाहीये. आपण जिथं पडता ती जागा चुकीची आहे, एवढंच म्हणणं आहे.

अगदी साध्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथंच होतं. कंपनीच्या पोर्टलवर नोंदणी करताना पुष्कळ मुलं वडिलांचा मोबाईल नंबर देतात. ई-मेल कधी मोठ्या भावाचा असतो, तर कधी बारावीनंतर सीईटीचा फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेला. त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. परीक्षेची लिंक रात्री येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होते. ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर, आणि वडील असतात रानात, जिथं रेंज नाही. एका मुलीची टेक्निकल फेरी अशीच हुकली. वडिलांनी मेसेज उघडला होता, पण त्यांना ती कुठल्यातरी क्लासची जाहिरात वाटली. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, यात त्यांचा काय दोष? पण ती मुलगी लेखी परीक्षेत पहिल्या दहांत होती.

तेव्हा आधी मुलाला स्वतःच्या नावाचं सिम आणि स्वतःचा ई-मेल असू द्या, आणि त्याचे पासवर्ड त्याच्याकडेच राहू द्या. याच ठिकाणी आपल्या मदतीची खरी गरज आहे, ती अशी : दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पॅन या तिन्हीवर नाव एकसारखं आहे का ते आजच पाहा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, तिसरीकडे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, असं सर्रास असतं. निवड होऊनही यावरून रुजू व्हायचं काम आठवडेच्या आठवडे अडतं. ग्रामपंचायतीचा दाखला, शाळेचा दाखला, राजपत्रातली नोंद ही धावपळ आपण मुलांपेक्षा कितीतरी चांगली करता. ती आधी उरकून टाका.

आता फोनविषयी. कंपनीच्या एचआरचा नंबर कुठूनतरी मिळवून "माझ्या मुलाला का घेतलं नाही" असं विचारणारे पालक दरवर्षी असतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात आपण मुलांसाठी असंच पुढे होऊन काम करून घेत आलो आहोत. पण पलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात त्या फोननं एकच गोष्ट ठसते : उद्या साहेबानं याला चार शब्द सुनावले, तर घरून फोन येईल. मुलाखतीत ते फक्त उत्तरं तपासत नाहीत. हा पोरगा स्वतःचं म्हणणं मांडतो का, माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणतो का, अनोळखी गावात अनोळखी माणसांत उभा राहील का, हे ते पाहत असतात. त्यातलं काहीही आपण त्याच्या वतीनं दाखवू शकत नाही.

ऑनलाइन मुलाखती आल्यापासून एक नवा प्रकार सुरू झालाय. मुलगा लॅपटॉपसमोर बसतो आणि वडील किंवा काका पडद्याआड उभे राहून हळूच सांगत असतात. मुलाची नजर सारखी बाजूला जाते. समोरच्याला ते पहिल्या मिनिटात कळतं. काही कंपन्या तिथंच मुलाखत थांबवतात, काही शांतपणे पूर्ण करतात आणि नाव खोडतात. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या खोलीत बसा, टीव्ही बंद ठेवा, पाहुणे आले तर त्यांना ओसरीवर बसवा. घर लहान असेल, लाईटचा भरवसा नसेल तर मुलाला कॉलेजात पाठवा. मुलाखतींसाठी आम्ही एक खोली मोकळी ठेवतो.

शिफारसपत्राचंही स्पष्ट बोलते. आमदारांचं, साखर कारखान्याच्या अध्यक्षांचं पत्र घेऊन माझ्याकडे येऊ नका. मोठ्या खासगी कंपनीच्या कॅम्पस भरतीत त्या कागदाला कुठेही जागा नसते. ओळखीचा उपयोग होतो, पण तो वेगळ्या रीतीनं. आपला भाचा हिंजवडीत किंवा चाकणला कामाला असेल, तर बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्याला ओळखीच्या उमेदवाराचा रेझ्युमे अधिकृतपणे पुढे पाठवता येतो. आपण भाच्याला एवढंच सांगा की आपला मुलगा फोन करणार आहे. पुढचं बोलणं मुलाला करू द्या. त्याला कोणत्या कामात रस आहे, कॉलेजच्या प्रकल्पात त्यानं स्वतः काय केलं, हे भाच्यानं त्याच्याच तोंडून ऐकलं तर भाचाही मनापासून शब्द टाकेल.

मुलींच्या आईवडिलांशी मला सविस्तर बोलायचं आहे, कारण या पत्राचं मूळ कारण तेच आहे.

मुलगी निवडली जाते. कॉलेजात पेढे वाटले जातात, गावात फलक लागतो. मग पत्र येतं की प्रशिक्षण म्हैसूरला, चेन्नईला किंवा तिरुवनंतपुरमला आहे, आणि पुढची नेमणूक कंपनी सांगेल तिथं. त्या रात्री घरात बोलणी होतात. दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, तो मुलीचा नसतो. "मॅडम, पुण्याच्या पुढं पाठवायचं नाही आम्हाला. तुम्ही पुणे करून द्या, नाहीतर राहू द्या." मागे मुलगी बसलेली असते, तिचा श्वास मला ऐकू येतो. "तिच्याशी बोलू का?" म्हटलं की उत्तर येतं, "तिचंही तेच म्हणणं आहे."

मला हे सहन होत नाही, हे मी लपवणार नाही. याच घरातून मुलाला म्हैसूरला पाठवताना स्टेशनवर हार घेऊन माणसं जातात. मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे. रस्ता तोच, गाडी तीच, आणि बऱ्याचदा प्रशिक्षण केंद्रातल्या राहण्याची सोयही तीच.

राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी ही सवलत निम्मी होती. आता फीच्या कारणानं मुलीचं इंजिनिअरिंग थांबत नाही, याचा मला फार आनंद आहे. पण चार वर्षं शिकवून, कोड लिहायला लावून, शेकडो मुलांतून तिनं स्वतःच्या बळावर मिळवलेली जागा एका रात्रीच्या बैठकीत परत करायची असेल, तर ते शिक्षण तिला कशासाठी दिलं? "स्थळ पाहताना इंजिनिअर मुलगी म्हणून बरं पडतं," हे उत्तर मी समोरासमोर ऐकलेलं आहे.

सुरक्षिततेची भीती खरी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. बातम्या मीही वाचते. पण भीतीला उत्तर म्हणून नकार देण्याआधी माहिती घ्या, आणि ती माहिती मुलीला मिळवू द्या. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तिचे सदस्य कोण, हे तिनं रुजू होतानाच विचारावं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनंच काम देता येतं, आणि तेव्हा तिच्या संरक्षणाची आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची व्यवस्था मालकानं करायची असते. राहायचं कुठं, आपल्याच कॉलेजच्या आधीच्या बॅचची कोणती मुलगी त्या शहरात आहे, तिचा अनुभव काय, हे ती दोन दिवसांत काढू शकते. तसे नंबर मी स्वतः देते, त्या मुलींना विचारूनच देते. पहिल्यांदा सोबत जा. खोली पाहा, घरमालकिणीशी बोला, जवळचं पोलीस ठाणं आणि दवाखाना पाहून ठेवा, एक दिवस राहा आणि परत या. तिथवर आपण गेलात तर कुणीही नावं ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट पालकांपर्यंत कधी पोचत नाही. आमच्याकडे एका विद्यार्थ्याला एक निवड झाली की तो पुढच्या बहुतेक कंपन्यांना बसू शकत नाही, म्हणजे इतरांना संधी मिळावी. आपल्या मुलीनं जागा घेऊन नंतर सोडली, तर ती जागा तिच्या मैत्रिणीला मिळत नाही, ती रद्द होते. आणि एखाद्या कॉलेजच्या मुली सारख्या रुजू होत नाहीत असं दिसलं की पुढच्या वर्षी ती कंपनी आमच्याकडे यायचं टाळते. म्हणून बाहेरगावचा विचार निकालानंतर करू नका. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी घरात एकत्र बसून करा. तिला विचारा, "तुला कुठं जायला आवडेल?" ती म्हणाली, "मला खरंच लांब नको," तर तोही तिचा निर्णय आहे आणि मी तो मानेन. इथल्या एमआयडीसीतल्या, पुण्यातल्या कंपन्या तिच्यासाठी शोधेन. फक्त ते वाक्य मला तिच्याकडून ऐकू द्या.

आता पैशांविषयी. इथं आपला जीव गुंतलेला असतो आणि फसवणारे नेमके तो हेरतात.

कुठलीही खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षण शुल्क, पोलीस पडताळणीचा खर्च, नाव काहीही द्या, पैसे मागितले की ते पत्र खोटं समजा. पत्र कंपनीच्या नावाचं असतं, बोधचिन्ह असतं, सही-शिक्का असतो, पण ते आलेलं असतं साध्या जीमेलवरून. अशी पत्रं घेऊन पालक माझ्याकडे येतात तेव्हा पैसे बहुतेकदा देऊन झालेले असतात, कारण "आधी कुणाला सांगू नका, कोटा संपेल" असं त्यांना बजावलेलं असतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते.

दुसरा धंदा खोट्या अनुभवपत्राचा. पुण्यात-हैदराबादेत जाऊन कोर्स करायचा, वर लाख-दीड लाख द्यायचे आणि न केलेल्या दोन वर्षांच्या नोकरीचे कागद मिळवायचे. "सगळेच करतात," असं तिथला एजंट पालकांना सांगतो आणि पालक मुलाची समजूत काढतात. हे कागद टिकत नाहीत. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातल्या नोंदी आणि प्राप्तिकराचे तपशील मागतात, आणि न झालेल्या पगाराची नोंद तिथं कुठून येणार? सापडला की मुलगा रुजू झाल्यावरही काढला जातो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याला त्या मधल्या काळाचं उत्तर द्यावं लागतं. एका मुलानं मला विचारलं होतं, "मॅडम, घरचे म्हणतात म्हणून करू का?" त्या घरातली माणसं सज्जन होती, मेहनती होती, आणि आपल्याच मुलाला खोटं बोलायला लावत होती. माझा जीव कळवळला तो यामुळे.

परदेशाचं आमिष तर त्याहून वाईट. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडमार्गे म्यानमार-कंबोडियात नेलेल्या भारतीय तरुणांना तिथं डांबून सायबर फसवणुकीचं काम करायला लावलं गेलं आणि सरकारला त्यांची सुटका करावी लागली. परदेशात कामाला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेला असावा लागतो. ती नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि उमेदवाराकडून त्याला ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कुणी तीन लाख मागत असेल तर व्यवहार तिथंच संपवा.

ज्यांची मुलं अजून घरी बसून आहेत, त्यांच्याशीही बोलते.

२०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. टीसीएस २००४ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हापासून तिथं वर्षाखेरीस माणसं कमी झाल्याचं पहिल्यांदाच दिसलं. २०२२ मध्ये निवड झालेली कितीतरी मुलं दोन-दोन वर्षं रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत होती. अशी दीर्घ वाट पाहून अखेर इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात पोचलेल्या मुलांपैकी काहींना फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण न झाल्याच्या कारणावरून परतावं लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. हे सगळं घडत असताना आपला मुलगा घरी बसलाय, तो आळशी आहे म्हणून नव्हे. "अमक्याचा मुलगा लागला, तू काय करतोस?" हे जेवायच्या ताटावर रोज ऐकणारी मुलं मला भेटतात. ती माझ्याशी बोलताना खाली बघतात. काहींनी तर घरी सांगणंच सोडून दिलंय. मुलाखत कशी झाली, नकार का आला, काहीच सांगत नाहीत. आणि मग आपण म्हणता की पोरगं बोलत नाही म्हणून आम्हाला मॅडमना फोन करावा लागतो.

आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी विचारा की या आठवड्यात कुठं कुठं अर्ज केले, काय अडलं, कशाला पैसे लागतील. बाकीचे दिवस तो विषय घरात काढू नका. आल्या-गेल्या पाहुण्यांनी काढला तर "तो बघतोय त्याचं" एवढं आपण म्हणा. मुलांना आपल्या तोंडून हे वाक्य ऐकायची किती आस असते, ते मला त्यांच्या बोलण्यातून कळतं.

आणि या काळात हातात आलेलं लहान काम नाकारू नका. कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळाली की "एवढं इंजिनिअर करून अप्रेंटिस?" असा घरातून सूर निघतो. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली येते, तिचं विद्यावेतन मिळतं, शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं, आणि मुख्य म्हणजे पोरगा मशीनवर उभा राहतो. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या आमच्या मुलांत पुढे चांगली लागलेली बरीच जण कुपवाड, शिरोली, चाकण, रांजणगाव इथं अशीच आत गेलेली आहेत. ती संधी मानापानावरून सोडू नका.

आता आपण काय करू शकता ते सांगते, कारण मुलांना जे कळत नाही ते आपल्याला कळतं.

आपण आयुष्यभर कागद वाचत आलात. सातबारा, खरेदीखत, सोसायटीचं कर्ज, पगारपत्रक. नेमणुकीचं पत्र आलं की मुलगा फक्त वरचा आकडा बघतो. आपण शेजारी बसा आणि त्याला ओळ न् ओळ वाचायला लावा. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्याचं वार्षिक पॅकेज आजही साडेतीन लाखांच्या घरात आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत ते फारसं हललेलं नाही. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा, व्यवसायकर वगळून हातात महिन्याला २२ ते २५ हजार पडतात. पुण्यातलं खोलीभाडं, डबा, येण्याजाण्याचा खर्च वजा करून घरी किती येणार, हे एकत्र बसून मांडा. मग पहिल्या महिन्यापासून दहा हजार पाठव, अशी अपेक्षाही राहणार नाही आणि मुलालाही पैशाचं भान येईल.

बाँडची, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरेन या हमीची ओळ तर दोनदा वाचा. "बाँडबिंड काही नसतं, सह्या करून टाक, नंतर बघू" हा सल्ला घराघरांतून दिला जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेले दोन लाख रुपये योग्य ठरवले. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं आणि प्रत्येक बाँडचं तसंच होईल असं नाही, पण सही केलेल्या कागदाला किंमत असते एवढं त्यावरून कळावं. किती वर्षं, किती रक्कम, कंपनीनंच काढलं तर काय, हे मुलानं एचआरला मेलवर विचारावं. मेल कसा लिहायचा हे मी शिकवेन. कोरा चेक किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या ठिकाणी मात्र त्याला सही करू देऊ नका. तिथं ठामपणे बोला, आवाज चढला तरी चालेल.

कंपन्यांनाही या निमित्तानं दोन शब्द. अर्जात वडिलांचा मोबाईल आणि व्यवसाय कशाला हवा? आणि निवडलेल्या मुलीच्या वडिलांना फोन करून "तुम्ही पाठवणार ना?" असं विचारणं बंद करा. तिला विचारा. आईवडिलांनी मधे पडू नये असं वाटत असेल, तर त्यांना मधे ओढूही नका.

यंदाची पालकसभा नेहमीसारखी होणार नाही. दरवर्षी सभागृहात फक्त आपण असता, मुलं बाहेर कॅन्टीनला असतात आणि आपण त्यांच्याविषयी मला प्रश्न विचारता. या वेळी मुलामुलींना सोबत घेऊन या आणि त्यांच्याच शेजारी बसा. मी प्रश्न मुलांना विचारणार आहे : कुठं काम करायचंय, किती लांब जायची तयारी आहे, घरात कशावरून अडतंय. ती आपल्यासमोर उत्तरं देतील तेव्हा पाच मिनिटं मधे बोलू नका. नंतर आपल्या शंका विचारा, मी शेवटचा पालक जाईपर्यंत थांबेन. येताना आधार, पॅन आणि दहावीच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आणा. नावातल्या चुका त्याच दिवशी तपासून घेऊ.

आपली नम्र,
प्लेसमेंट अधिकारी,
एक अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगली जिल्हा